अकरा मडकी

नातवाच्या बारशाला आठ दिवस भिलाईला जायचं होतं, पण हुडकेश्वरच्या मळ्यातली संत्र्याची कलमं चैत्राच्या उन्हात मरू द्यायची नाहीत, हे रुखमाबाईनं पक्कं ठरवलं होतं. विहिरीपासून फाटकापर्यंत एका रांगेत अकरा कलमं. प्रत्येकाच्या बुडाशी तिनं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. खालच्या भोकातल्या वातीतून मुळांना थेंबथेंब पाणी मिळणार होतं.

विहिरीजवळचं मडकं मात्र भरलं की लगेच रिकामं व्हायचं, आणि भोवतालची माती कोरडीठाक. तिनं ते उकरून काढून पाहिलं, कुठं तडा नव्हता. भोक मेणानं बुजवून पुन्हा भरलं. गटगट आवाज आला आणि मडकं रिकामं.

"चाल ना वं आता. गाडी सुटून जाईन," फाटकातून शालिकराम म्हणाला.

"थांबा जी जराक. याचं पोट भरल्याबिगर मी हालत नाही," रुखमाबाई नवऱ्याला म्हणाली.

तिनं बादलीमागून बादली ओतली. शेवटी मडकं काठोकाठ भरून राहिलं. तिनं पदराला हात पुसले, प्रवासाची सुरई उचलली आणि निघाली.

मागे गटगट झालं. वळून पाहते तर दुसरं मडकं रिकामं. मग तिसरं, चौथं. ती झपाझप चालू लागली, तशी मडकीही तिच्या बरोबरीनं रिकामी होत आली. फाटकाशी अकरावं आटलं आणि आवाज थांबला.

"घोटभर पाणी दे वं," शालिकराम म्हणाला.

"देतो ना," ती म्हणाली. पण हातातली सुरई हलकी होत चालली होती.