बाळासाठी राखलेला हंडा

यसूबाईंनी आळिवाची तिसरी वाटी सुनेपुढे ठेवली. "खा गं, फुटेल पान्हा," म्हणत त्या चुलीकडे वळल्या.

दर्शनाच्या मांडीवर तीन दिवसांचं पोर चोखून चोखून रडत होतं. मिठागरावरची गुरं कधीच संपली होती, गोडं पाणी मोजून वाट्याला यायचं. इतरांप्रमाणे तिनेही अंगातलं पाणी राखणारी वाळवंटी किड्याची ग्रंथी बसवून घेतली होती, तीही सातव्या महिन्यात, हट्टाने. घाम आटला, लघवीची भुकटी झाली. वाचलेलं पाणी तिने बाळासाठी हंड्यात साठवलं.

सकाळीच नर्स हळूच सांगून गेली होती, "ही ग्रंथी थेंबही अंगाबाहेर सोडत नाही, बाई. दूधसुद्धा. आणि ती काढता येत नाही."

दर्शनाने हंड्यात बोट बुडवून पोराच्या तोंडात दिलं. पोर गप्प झालं.

"फुटला ना पान्हा!" चुलीपाशी यसूबाई हरखल्या.

दर्शनाने बोट पुन्हा हंड्यात बुडवलं.