मागच्या काचेवरच्या टिकल्या

"नवी क्लच प्लेट टाक, रप्पाई. आणखी एक वर्ष काढेल गाडी," त्रेस्या टीचर म्हणाली.

रप्पाई मेकॅनिकने लाल गाडीच्या दारातून डोकं बाहेर काढलं. "प्लेट टाकतो हो, पण टाकू कशात? पायाखालचा पत्रा कुजलाय. उद्या ब्रेक दाबाल आणि पाय सरळ रस्त्याला टेकेल."

"मग थांबेलच की गाडी."

रप्पाई हसला नाही. ही गाडी त्याने चारदा उघडून पुन्हा बांधली होती. पाचव्यांदा बांधायची त्याची इच्छा नव्हती, म्हणून आज त्याने मैदानावर दुसरी गाडीच आणून उभी केली होती. पांढरी, तीन वर्षं वापरलेली. टीचरने तिच्याकडे अजून धड बघितलंही नव्हतं.

केरळातल्या इरिंजालकुडात बावीस वर्षं टीचर बायकांना गाडी शिकवत होती. शिकवायचं म्हणजे डावीकडच्या सीटवर बसायचं, आणि शेजारची बाई चुकली की आपल्या पायाखाली बसवलेला जास्तीचा ब्रेक दाबायचा. उजवा गुडघा त्यातच गेला. जुनी दुरुस्त केली तर एक वर्ष, मग क्लासचा बोर्ड उतरवायचा आणि सुटायचं. दुसरी घेतली तर आणखी दहा वर्षं त्याच सीटवर. एकोणसाठावं लागलं होतं तिला. सुटून घरी करायचं काय, हेही तिला ठाऊक नव्हतं.

"चालवून तरी बघा," रप्पाई म्हणाला. "एक एच मारा आणि मग नाही म्हणा."

मैदानावर लोखंडी पाइप रोवून इंग्रजी एच आखलेला होता. एकाही पाइपला न शिवता गाडी त्यातून पुढे आणि मागे काढली, की लायसन्स. म्हशीलाही मी एच शिकवीन, असं टीचर म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. लाल गाडीच्या मागच्या काचेवर तिने तीन टिकल्या चिकटवल्या होत्या. पहिल्या टिकलीवर पाइप दिसला की स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं, दुसरीवर आला की सरळ करायचं, तिसरीवर थांबायचं. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या या बाईने जन्मात कपाळाला टिकली लावली नव्हती. गाडीच्या खणात मात्र टिकल्यांचं पाकीट कायम असायचं.

टीचर पांढऱ्या गाडीत बसली. पुढचा भाग तिने झोकात काढला. मग रिव्हर्स टाकला आणि मान वळवून मागे पाहिलं. काच लख्ख होती.

ठणकन आवाज झाला. पाइप आडवा पडला.

झाडाखाली आपल्या तासाची वाट बघत बसलेली रम्लत धावत आली आणि तिने पाइप उभा केला. टीचरने पुन्हा रिव्हर्स टाकला. तोच पाइप पुन्हा पडला. रप्पाईला अचानक आभाळात काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

टीचर इंजिन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. लाज वाटायला हवी होती, पण तेवढंही त्राण तिच्यात नव्हतं. सकाळी सहापासून सहा जणी शिकवून झाल्या होत्या. रम्लत सातवी.

"बावीस वर्षं मी काय शिकवलं गं तुम्हाला?" ती म्हणाली. "टिकली?"

रम्लतने पाइप पुन्हा उभा केला. ती परीक्षेत दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा एचमध्येच. परीक्षा घेणारे जुने साहेब टिकल्यांकडे काणाडोळा करायचे. नवे साहेब परीक्षेआधी त्या नखाने सोलून काढायचे, आणि मग रम्लतला मागच्या काचेत नुसतं मैदान दिसायचं.

"मी मारू का टीचर?" तिने विचारलं. "मंगळवारी परीक्षेत मला असाच मारायचाय. टिकल्यांशिवाय."

"या गाडीत माझा ब्रेक नाहीये गं, पोरी."

"माझा आहे ना."

टीचर उतरली आणि वळसा घालून डावीकडे येऊन बसली.

रम्लतने मागच्या काचेकडे पाहिलंच नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती थेट पाइपकडेच बघत राहिली. गाडी इंच इंच मागे सरकू लागली. पाइप जवळ आला तशी टीचरची टाच खालच्या मॅटवर करकचून दाबली गेली.

"टीचर, तिथे काही नाहीये."

"मला माहितीये गं. पायाला कुठे माहितीये?"

गाडी वळली. पाइप जागच्या जागी उभा होता. एचमधून बाहेर येईपर्यंत दोघींनी श्वास घेतला नसावा.

"एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही," टीचर म्हणाली. "पुन्हा मार."

दुसऱ्या फेरीतही टीचरचा पाय मॅट दाबत होता. तिसऱ्या फेरीच्या आधी तिने चपला काढल्या, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून पाय मागे घेतला आणि सीटला पाठ टेकली.

ऊन उतरलं होतं. रप्पाई हात पुसत, लाल गाडीची किल्ली बोटावर फिरवत एचपाशी आला आणि मागे सरकणाऱ्या गाडीबरोबर चालू लागला.

"मग काय ठरलं, टीचर? टाकू ती प्लेट, की..."

रम्लतने पाइपवरची नजर हलवली नाही.

"हळू बोला," ती म्हणाली. "टीचर झोपल्यात."

रप्पाईने वाकून आत पाहिलं. जिथे ब्रेक असायला हवा होता, तिथे मॅटवर टीचरच्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. त्याने किल्ली आवाज न करता खिशात टाकली. पुढे पाइप आला तसा तो थांबला, आणि गाडी पाइपाला न शिवता अलगद मागे गेली.