सोजराबाईचे गुडघे

"नुसती बोट का बोट अन् बर्फ, तेवढं सांगा बाबा. आज नाही सांगितलं तर जागा जातील," दीपमाला फोनवर म्हणाली.

लेक अमेरिकेत, आईबाप मलकापुरात. येत्या उन्हाळ्यात दोघांना अलास्काच्या क्रूझवर न्यायचं तिनं ठरवलं होतं. जहाज एका गावाला दिवसभर थांबणार होतं आणि तिथं दोन सहली होत्या. एकीत छोट्या बोटीत बसून देवमासे पाहायचे आणि परत यायचं. दुसरीत देवमासे पाहून झाले, की खिळ्यांचे बूट घालून हिमनदीवर चढायचं. थेट बर्फावर चालायचं.

रंगरावांनी बायकोकडे पाहिलं. सोजराबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काय सांगू तिले?"

"बोटच सांगा. माह्ये गुडघे काय बर्फ चढाचे हायेत?"

"संध्याकाळी सांगतो," म्हणून रंगरावांनी फोन ठेवला.

बर्फाचं वेड त्यांचं नव्हतंच, ते सोजराबाईचं. रंगरावांनी सारा जन्म जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून काढला. कापूस चिमटीत धरायचा आणि प्रत सांगायची. लग्न झालं त्या हंगामात डबा घेऊन आलेली नवी नवरी चपला काढून सरळ कापसाच्या गंजीवर चढली. पार शेंड्यावर गेली आणि वरून ओरडली, "अवो, बर्फ असाच असते काय?" सारे हमाल हसले. रंगराव कानापर्यंत लाल झाले. पण घरी गेल्यावर म्हणाले, "तुले खरा बर्फ दाखवतो. पुढच्या हंगामाले."

हंगाम आले नि गेले. कधी भावाचं लग्न निघालं, कधी घराचा स्लॅब, कधी लेकीचं कॉलेज. 'पुढच्या हंगामाले' हे घरात थट्टेचं वाक्य होऊन बसलं. सोजराबाई नुसत्या हसायच्या. तोंडानं मागणं तिला कधी जमलं नाही आणि न मागता देणं यांना. आता बर्फ दाराशी आला, तर तिचे गुडघे गेले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. ही म्हण रंगरावांना हल्ली फार आठवे आणि दर वेळी लागे.

गुडघे गेले तेही अचानकच. प्रवासाआधी दोघांनी तपासून घ्या, असं लेकीनं बजावलं होतं, म्हणून दिवाळीनंतर ते बुलडाण्याच्या डॉक्टरकडे गेले. दोघांचं रक्त, कार्डिओग्राम, सगळं झालं. मग डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा. काकूंशी गुडघ्यांचं बोलायचंय."

बोलणं बरंच लांबलं. सोजराबाई बाहेर आल्या त्या पदरानं नाक पुसत.

"झिजले म्हणते. चढाव एकदम बंद."

तेव्हापासून कमरेच्या चंचीत गुडघ्यांच्या गोळ्यांची डबी आली. बाजारात जाताना दर दोन ओट्यांआड सोजराबाई बसकण मारायच्या, मग रंगरावांनाही बसावं लागे. कधी डावा पाय लंगडे, कधी उजवा. दोन्ही गेले बिचारीचे, असं मनात येऊन रंगरावांचा जीव तुटायचा.

तरी आशा वाईट असते. मागच्या आठवड्यात सरावासाठी म्हणून ते तिला जिनिंगमध्ये घेऊन गेले होते. गंजीवर चार पावलं चढली नाही, तोच ती मटकन खाली बसली.

"मी धरतो न तुले," रंगराव म्हणाले.

"धरून काय करता? घरी चाला!" कधी नव्हे ती सोजराबाई खेकसली. रंगरावांना त्या चार पावलांतच गॅस धरला होता. गॅस त्यांचा जुनाच सोबती. त्यांनी ढेकर द्यायचा प्रयत्न केला आणि गुमान मागं फिरले.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. "बोटच घे, पोरी."

"बरं केलं बाबा," दीपमाला लगेच म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका झाला. तिलाही आईची काळजी असणारच.

सोजराबाई शेजारच्या आशाबाईकडे जातो म्हणून गेलेल्या. रिकाम्या घरात रंगरावांना बसवेना. एक शब्द दिला होता बायकोला, तेवढाही पाळता आला नाही. धड पाय होते तेव्हाच नेली असती तर? निदान मनालीला तरी? डोळे भरून आले. चपला घालून ते निघाले आणि सवयीनं जिनिंगच्याच वाटेला लागले.

फाटकाशी अविनाश होता. त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता तिथला ग्रेडर. रंगरावांना पाहून तो गडबडला.

उन्हं कलली होती. पांढऱ्याशुभ्र गंजीच्या शेंड्यावर एक बाई चालत होती. लुगडं खोचलेलं, पाय अनवाणी. या टोकाला जायची, वळायची, पुन्हा त्या टोकाला.

"वर कोण हाये बे?"

अविनाशनं मान खाली घातली. "काकू. रोजच येऊन राह्यल्या."

"सोजर!" रंगरावांनी हाक मारली आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता चपला काढल्या. बर्फ! पोरीला आत्ताच्या आत्ता सांगायचं, बर्फ घे. पाय ढोपरापर्यंत रुतत होते, तरी ते चढत राहिले. अर्ध्यावर तो मेला गॅस आडवा आला. छाती आवळली. अंगाला दरदरून घाम फुटला आणि पांढरा कापूस काळा दिसू लागला.

वरून सोजराबाई धावत आली. डावाही नाही, उजवाही नाही, एकही पाय लंगडत नव्हता. तिनं गुडघ्यांवर बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, चंचीतली डबी उघडली आणि गुडघ्यांची एक गोळी काढली.

"तोंड उघडा," ती म्हणाली. "जिभेखाली धरा. गिळू नका."