सिक्स फूटर

पत्रात ‘सिक्स फूटर’ म्हणवणारा आणखी एक मुलगा ताठ मानेने दारातून आत आला, तेव्हा आत्माराम मास्तरांनी दमून डोळे मिटले.

मास्तरांच्या घराची चौकट ठेंगणी होती. यमुनाबाई तिच्यातून वाकून जात आणि आईवर गेलेली राहीही वाकून जाई. जो न वाकता आत येई तो राहीहून बुटका, हा हिशेब मास्तर दारासमोरच्या खुर्चीत बसूनच करत. पुढचे पोहे आणि ‘कळवतो’ हा नुसता उपचार.

मास्तर स्वतः त्या दारात कधी वाकले नव्हते. लग्नात अंतरपाटाआड ते दोन पाट एकावर एक ठेवून उभे राहिले होते आणि ऐन मंगलाष्टकांत वरचा पाट घसरला होता. रत्नागिरीच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण गावात ते ‘पाटावरचे मास्तर’च राहिले. आता पंच्याऐंशी साल उजाडलं, तरी लोक विसरले नव्हते. राहीच्या नवऱ्याला कोणी हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

“सिक्स फूटर हे चहाच्या टपरीवर बोलायचं इंग्रजी,” पाहुणे गेल्यावर ते म्हणाले. “लिहिताना ‘सिक्स फीट टॉल’ लिहावं. ज्याचं इंग्रजी असं, त्याची उंची कसली खरी?”

“इंग्रजी सुधारलं तर उंची वाढेल का, बाबा?” राहीने विचारलं. दापोलीहून कलमं बांधायला शिकून आल्यापासून तिचे हात कायम मातीचे असत.

“तू कलमं बांध.”

पुढच्या महिन्यात मध्यस्थ आप्पा नवं पत्र घेऊन आला. मास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘सिक्स फीट टॉल.’

“कोण हा?”

“गुहागरचा महिपत. दापोलीला नोकरी करतो, कलमांच्या बागेत.”

“खरंच एवढा उंच आहे?”

“मी काय मोजायला गेलो नाय, मास्तर. मी गेलो तवा बसलेला होता. बसलेला बरा दिसतो.”

“अहो, असं लिहिणारा मुलगा खोटं बोलेल का?” मास्तर यमुनाबाईंना म्हणाले. यमुनाबाईंनी नुसता सुस्कारा सोडला. त्यांनी फार पोहे केले होते.

ठरल्या दिवशी मास्तर खुर्चीत बसले, नजर चौकटीवर. महिपत अंगणातून आला आणि पायरीवर होता तेव्हाच कमरेत वाकला. तसाच वाकून आत आला, तसाच मास्तरांच्या पाया पडला आणि तसाच खुर्चीत बसला. मागून त्याचे मामा आले. त्यांचं कपाळ चौकटीवर आपटलं. मास्तरांना तो आवाज सनईसारखा वाटला.

“घराणंच उंच दिसतं,” ते यमुनाबाईंच्या कानात पुटपुटले.

राही पोहे घेऊन आली. तिने मान वर केली नाही, त्यानेही केली नाही. मास्तरांना हा विनय फार आवडला. पोहे संपायच्या आत त्यांनी शब्द दिला. आप्पाने साखर वाटली, आणि तोंड गोड झाल्यावर शब्द फिरवायची त्या घरात रीत नव्हती.

गुहागरच्या एसटीची वेळ झाली. पाहुण्यांना पोचवायला मास्तर सगळ्यांआधी अंगणात जाऊन उभे राहिले. कित्येक महिन्यांनी त्यांची पाठ दुखत नव्हती. मागून यमुनाबाई आल्या, वाकून. मामा आले, कपाळावर हात ठेवून, फारच वाकून.

मग “मी दिलेलं कलम जगलं का गं?” असं मागे वळून विचारत महिपत ताठ मानेने दारातून बाहेर आला आणि त्याच्यामागून, नेहमीसारखी वाकून, राही.