मागच्या भिंतीवरचा कॅमेरा

“समजलं ना?” असं विचारून पडद्यावरची बाई पाऊण सेकंद थांबायची. विभागप्रमुखांनी घड्याळ लावून मोजलं होतं. पन्नास मिनिटांत अकरा वेळा तोच प्रश्न, आणि अकराही वेळा कुणी तोंड उघडायच्या आत पुढची स्लाइड.

वर्गांच्या मागच्या भिंतीवर कॅमेरे बसल्यापासून रसायनशास्त्राचा प्रत्येक तास साठवला जात होता. विभागप्रमुख आपल्या खोलीत हा एकच तास तिसऱ्यांदा बघत होत्या.

बाई मुलांकडे पाठ करून स्लाइड वाचत होती. समोर लिहिलेलं तेच, शब्द न शब्द. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात; इथे वाचायलाच गाढव उभं होतं. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा हात तेविसाव्या मिनिटाला वर गेला आणि सत्ताविसाव्या मिनिटाला दमून खाली आला. बाईला पत्ताच नाही.

प्राचार्य दार ढकलून आत आले.

“अजून हेच चाललंय? मॅडम, चार वाजता मंडळाची बैठक आहे. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद महिनाभर तुमच्या टेबलावर लोळतोय. सही करून मोकळ्या व्हा की!”

“मुदतवाढ झाली, तर ती कंत्राटावर शिकवणारी मुलगी?”

“जाईल दुसरीकडे. जागा एकच आहे.”

“तास संपला तरी मुलं तिला सोडत नाहीत.”

“नव्याचे नऊ दिवस हो! तीस वर्षांचा अनुभव तो अनुभव.”

“भिंतीवरचं घड्याळही तीस वर्षं चालतं, सर. त्याला कुणी शंका विचारतं का?”

प्राचार्य हसले. “तुमच्या जिभेपासून देव वाचवो! कॅमेऱ्यांचा हट्टही तुमचाच. म्हणे, कोण काय दिवे लावतं ते दिसू दे.”

“दिसलं.”

“मग सांगून टाका. मंडळाला काय कळवू?”

पडद्यावरची बाई हातातला रिमोट दाबत होती. स्लाइड सरकत नव्हती, तरी ती पुढचं वाक्य म्हणून मोकळी झाली. पाठ होतं ना सगळं.

विभागप्रमुखांनी रेकॉर्डिंग बंद केलं. मुदतवाढीचा कागद सही न करताच प्राचार्यांकडे सरकवला.

“त्या मुलीला कायम करा,” त्या म्हणाल्या. “असं शिकवायला मी आणखी दोन वर्षं उभी राहणार नाही.”