फळ्यावरची खिंड

"डोकं दुखून राहिलं गं, मैतू. पण त्याला कळू देऊ नको," आई म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून.

मैत्रेयीही हसतच राहिली. दोन पावलांवर त्यांचा गाइड दुनीचंद चहा उकळत बसला होता. ही मायलेकींची जुनी ट्रिक. जबलपूरच्या सदर बाजारात कापडवाल्यासमोर आई अशीच गोड हसत म्हणायची, "उठ, निघायचं नाटक कर." आणि तो बिचारा "अरे दीदी, बैठिए तो" करत राहायचा. तिकडे मराठी म्हणजे घरातली खोली. आत काहीही बोला, बाहेर कोणाला पत्ता नाही. आणि इथे हिमाचलच्या डोंगरात तर खोलीचं दार लावायचीही गरज नव्हती.

"कधीपासून?"

"कालपासून."

"आई! अन् तू आता सांगून राहिली?"

"हळू. अन् हसत बोल, माकडतोंड करू नको."

पहिल्याच दिवशी दुनीचंदने नियम सांगितला होता. "मैडम जी, पहाड़ में सिरदर्द छुपाना नहीं. जिसका सिर दुखा, वो नीचे. दो साल पहले एक साहब ने छुपाया था. पीठ पे लाद के उतारा. तब तक वो बोलना भूल चुके थे."

ते आठवून मैत्रेयी दुनीचंदकडे वळली. पण नुसतं "भैया" म्हणून हाक मारायची म्हटली, तरी तिला आईचा आठवीचा वर्ग दिसत होता.

आई राइट टाउनच्या एका शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी फळ्यावर दोन त्रिकोण काढते, मध्ये फट ठेवते आणि सांगते, "यह दर्रा है," म्हणजे खिंड. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका पोरीने विचारलं, "मैम, आपने देखा है?" आई "नहीं" म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. घरी आल्यावर आई जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मदन महालची टेकडी चढायला लागली. वर्षभर. गुडघ्याला पट्टा बांधून.

आणि आता खिंड एका दिवसावर होती.

मैत्रेयी पुन्हा हसली आणि सॅक भरायला लागली.

तेवढ्यात दुनीचंदने दोघींच्या हातात चहा दिला. आईच्या ग्लासात आलं जरा जास्तच होतं. मग त्याने न विचारता आईची सॅक उचलून स्वतःच्या सॅकवर बांधली.

"बोकडदाढी चांगला आहे बरं का," आई त्याच्या टोकदार दाढीकडे बघत मराठीत म्हणाली.

ते निघाले. दरी इतकी हिरवी होती की मैत्रेयीला वाटलं, आपण चालत नाही आहोत, कुणीतरी आपल्याला हळूच पुढे सरकवतंय. गवतात जांभळी फुलं, फुलांवर ढग. ढग अंगावरून गेला की पापण्या ओल्या व्हायच्या. दूर कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा, पण मेंढ्या एकही नाहीत. आपण स्वप्नात शिरलो आणि स्वप्नानेही "या, बसा" म्हटलं, असं काहीतरी.

एका मोठ्या खडकापाशी वाट फुटत होती. दुनीचंद तिथे बराच वेळ उभा राहिला. वर बघितलं, आईकडे बघितलं, दोऱ्या घट्ट केल्या.

"आज इधर से चलेंगे," म्हणत तो डावीकडे वळला.

गंमत म्हणजे वाटेत बराच उतार लागला.

"खिंड वर अन् आपण खाली काहून चाललो?" मैत्रेयीने विचारलं.

"चढायच्या आधी उतरावं लागतं," आई वर्गातल्या आवाजात म्हणाली. "नदीने कापलेला भाग आहे हा. पुस्तक वाचत जा जरा."

दुपारपर्यंत आईचा चेहरा मोकळा झाला. "थांबलं बघ दुखणं! उगीच भिऊन राहिली होती." ती गप्पांना लागली. "भैया, शादी हो गई?"

"हाँ जी. घरवाली नीचे की है."

"कौन सा गाँव?"

"बहुत नीचे," दुनीचंद हसला.

"बिचारी. माहेरी जायचं म्हणजे केवढं उतरायचं अन् केवढं चढायचं," आई मैत्रेयीला म्हणाली.

शेवटचा चढ मात्र खरोखर दम काढणारा होता. आई दहा पावलं चालायची, थांबायची, आकडे मोजायची. मैत्रेयी मागून तिच्या पाठीला हात लावून. आणि एकदम चढ संपला. दोन्ही बाजूंना काळे कडे, मध्ये मोकळी जागा, दगडांची एक रास, तिच्यावर फाटकी रंगीत कापडं. पलीकडे नुसतं पांढरं धुकं.

"पहुँच गए, मैडम जी," दुनीचंद म्हणाला. "बैठिए."

आई बसली नाही. तिने एका कड्याला हात लावला, मग धावत जाऊन दुसऱ्याला. धावत! खिशातून खडू काढून काळ्या दगडावर दोन त्रिकोण काढले, मध्ये फट. मैत्रेयीने मोबाईल धरला. आई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "बच्चो, मैंने देखा है." आणि हसता हसता रडायला लागली.

मैत्रेयीच्याही डोळ्यांना धार लागली. आपण बोललो नाही तेच बरं झालं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं. ती नाक पुसत दुनीचंदजवळ गेली. "थैंक यू, भैया."

दुनीचंद धुक्याकडे बघत होता. तो अगदी हळू बोलला, मैत्रेयीच्या गोंदियाच्या मावशीसारख्या स्वच्छ मराठीत.

"घरवालीची भाषा आहे ही. वीस मिनिटं बसू दे तिला, मग उतरू. खिंड त्या उजव्या वाटेनं होती, इथून हजार मीटर वर. डोकं दुखून राहिलं म्हणाली ना ती, मग कसा नेऊ तिकडे?"