झाडूला सुट्टी

लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडे एकच हट्ट धरला: एक दिवस झाडूला हात लावायचा नाही. म्हणून शालिकरामभाऊंनी मोबाइलवरचे चकचकीत फोटो पाहून नागपुरात स्वस्तातलं हॉटेल ठरवलं आणि बसनं दोघं कुहीहून आली. खोली उघडली तर चादरीवर कुणाच्या तरी समोशाचा चुरा, बाथरूममध्ये केसांचा गुंता आणि कूलरमध्ये मेलेली पाल. "सफाईवाली सुट्टीवर आहे," म्हणत मॅनेजरनं झाडूच हातात ठेवला. मनकर्णाबाईंनी सवयीनं पदर खोचला. "तू बस वं!" झाडू हिसकून शालिकरामभाऊ जन्मात पहिल्यांदा झाडायला वाकले. खुर्चीवर पाय हलवत बसलेल्या मनकर्णाबाईंचे हुकूम सुटले: "पलंगाखाली राह्यलं नं जी! कोपरा कोण झाडन?" दुसऱ्या दिवशी निघताना कंबर धरत शालिकरामभाऊ ओशाळले, "बहुतच घाण हॉटेल निघालं वं." "पुढच्या वर्षी," त्या खुदकन हसल्या, "याच्याहूनही घाण पाहजा!"